गोठ्यातली पेटी, विहिरीवरची पेटी

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात आंबेगाव तालुक्यातल्या एका गोठ्यावर गेलो होतो. दूध काढायचं मशीन चालता चालता बंद पडायचं. मोटर तपासून झाली होती, बदलूनही झाली होती. गोठ्याचे मालक तात्या मला थेट भिंतीवरच्या विजेच्या पेटीपाशी घेऊन गेले. पेटी चांगली होती, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची, पारदर्शक झाकणाची, अंगावर ठळक ‘आयपी ६५’ असं लिहिलेली. तात्या म्हणाले, “सगळ्यात भारीतली आणलीये राव, पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारातनं, तपकीर गल्लीतनं.”

झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब नव्हता, धुळीचा कणही नव्हता. न्यूट्रल लिंकचा, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जिथं एकत्र जोडतात त्या पट्टीचा, पितळी स्क्रू आवळायला पेचकस लावला आणि अजून जोरही दिला नव्हता, तोच स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं. खारी मोडावी तसं. तारा जिथं सोलल्या होत्या तिथं तांबं हिरवंनिळं पडलं होतं. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे झाले होते. मशीन का थांबतंय हे कळायला मीटर लावायचीही गरज उरली नाही.

पेटीवरच्या आकड्याने धूळ-पाणी अडवायचं त्याचं काम चोख केलं होतं. त्या जागेचा शत्रू मात्र वेगळा होता आणि तो आकड्यात मोजलेलाच नव्हता.

मी भोसरीत पॅनल बनवतो आणि निम्मं काम शेतावरचं करतो. गावाकडे ‘डीपी’ म्हणजे ट्रान्सफॉर्मर, म्हणून घोळ नको, या लेखात मी मेन स्विच, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), स्टार्टर वगैरे ज्या डब्यात बसतं त्याला सरळ पेटीच म्हणणार आहे. शेतकरी पंपावर हजारो रुपये घालतो, केबलची कंपनी विचारून घेतो, आणि पेटीच्या वेळी “एखादी बरी बघून द्या” म्हणतो. घरातली पेटी भिंतीवर सावलीत सुखात असते. शेतावरच्या पेटीवर ऊन, पाऊस, धूळ, खत, शेण आणि उंदीर या सगळ्यांची बारमाही पाळी असते. म्हणून पेटी विकत घ्यायच्या आधी ती बसणार ती जागा नीट बघायला हवी.

आयपीचे दोन आकडे काय सांगतात

आयपी हा जगभर चालणारा ठरलेला मोजमापाचा कोड आहे. भारतीय मानकातही तो जसाच्या तसा घेतलेला आहे. यातला पहिला आकडा घन वस्तूंचा, म्हणजे बोट, तार, धूळ यांचा. दुसरा पाण्याचा.

पहिला आकडा २ असेल तर बोट आत जाणार नाही. ४ असेल तर १ मिलिमीटर जाडीची तारही जाणार नाही. पाली, गांधीलमाश्या, उंदराची पिल्लं यांना अडवायला निदान हा ४ हवाच. पाल दिसायला गरीब, पण दोन फेजच्या मध्ये आडवी पडली की ४१५ व्होल्टचा स्फोट होतो आणि अख्खा स्टार्टर काळा पडतो. ५ म्हणजे थोडी धूळ जाईल, पण काम बिघडवण्याइतकी नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. प्रयोगशाळेत पेटी बंद खोलीत ठेवून बारीक शंखजिऱ्याची पूड तासन्‌तास उडवतात आणि मग उघडून बघतात.

दुसरा आकडा ४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील. ५ म्हणजे पाइपची धार चालेल. चाचणीत सव्वासहा मिलिमीटरच्या आसपासच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात. ६ ला जवळजवळ दुप्पट रुंद तोंडातून मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. इथं बरेच जण फसतात. ६७ हा ६५ पेक्षा मोठा आकडा, म्हणजे सगळ्याच बाबतीत वरचढ, असा समज होतो. तसं नाही. बुडवण्याची परीक्षा पास झालेली पेटी धारेची परीक्षा पास होईलच असं मानक म्हणत नाही. दोन्ही हवं असेल तर पेटीवर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. आणि गोठ्यात जी प्रेशरची मशीन वापरतात, तिच्या धारेपुढे ५ काय नि ६ काय, दोन्ही तोकडे. त्यासाठी ९ वेगळा आहे. त्यापेक्षा पेटीवर धार मारायचीच नाही असं गड्याला सांगून ठेवणं स्वस्त.

शेतीच्या वायरिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात किमान ४४ सांगितलेलं आहे. हे किमान आहे हे लक्षात ठेवा. छपराखाली, भिंतीवर, धुळीपासून दूर असेल तर ५४ पुरतं. उघड्यावर ६५ घ्या. त्याच्यावर पैसे घालण्याआधी पुढचं वाचा.

कारण ही परीक्षा नव्याकोऱ्या पेटीची, साध्या पाण्याची आणि ठरलेल्या पुडीची असते. पाच उन्हाळे खाल्लेल्या रबराची नसते. अमोनियाची नसते, दवाची नसते, आणि आपल्या वायरमनने साइटवर पाडलेल्या भोकांची तर नसतेच नसते.

गोठ्यात काय घडतं

गाईम्हशींच्या मुतातून आणि शेणातून अमोनिया निघतो. पावसाळ्यात गोठा बंद-बंद असतो, हवा दमट असते, तेव्हा डोळे चुरचुरतात तो हाच. हा वायू ओलाव्याबरोबर तांब्या-पितळेवर बसला की तांबं हिरवं पडतं, आणि पितळ तर आतून तडकतं. वरून स्क्रू सोन्यासारखा दिसतो, पण धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यात भेगा गेलेल्या असतात. आवळून बसवलेला, म्हणजे ताणाखाली असलेला स्क्रू आधी जातो.

हे आजचं नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळाभर तबेल्यात ठेवली जायची आणि पावसाळ्यानंतर काढली की अनेकांना चिरा पडलेल्या असायच्या. दोष दारूगोळ्याचा, की ओतकामाचा, यावर बराच काळ डोकेफोड झाली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि काडतूस दाबून बनवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचं हे काम आहे हे नीट उलगडलं ते १९२१ साली. तात्यांच्या हातात मी स्क्रूचं तुटकं डोकं ठेवलं आणि ही गोष्ट सांगितली. त्यांनी ते बराच वेळ बोटांत फिरवलं. म्हणाले, “म्हंजे माझ्या गोठ्यात शंभर वर्षांपूर्वीचंच दुखणं.”

मग वायू आत कसा गेला, पेटी तर ६५ ची होती? एक तर वायूला धुळीचे नि पाण्याचे आकडे लागू होत नाहीत. दुसरं म्हणजे पेटी श्वास घेते. दिवसा आतली हवा तापते, फुगते, रबराच्या बारीक फटीतून बाहेर पडते. रात्री ती गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. गोठ्यातली पेटी रोज रात्री गोठ्यातलीच हवा पिते. त्यात पॉलिकार्बोनेटला स्वतःलाच अमोनिया मानवत नाही. झाकण धुरकट होतं, मग बिजागरीपाशी तडे जातात. तात्यांच्या पेटीला तडा अजून गेला नव्हता, पण झाकणाची चकाकी गेली होती.

गोठ्यासाठी माझं पहिलं सांगणं असं की पेटी गोठ्यात लावूच नका. बाहेरच्या भिंतीला, वळचणीखाली, जनावराचं शिंग आणि शेपूट पोचणार नाही अशा उंचीवर लावा. दहा-बारा मीटर जास्तीची केबल लागेल, तेवढी लागू द्या. त्या केबलचा खर्च कुठल्याही महाग पेटीपेक्षा कमी आणि फायदा जास्त. आतच लावणं भाग असेल तर एसएमसीची पेटी घ्या. काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ दाबून बनवलेली करड्या रंगाची ही पेटी तुम्ही पाहिलेली असते, वीज मीटरच्या पेट्या बऱ्याच ठिकाणी त्याच्याच असतात. ती गंजत नाही आणि आग लागली तरी स्वतःहून पेट धरून ठेवत नाही. आतले थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या टोप्या, कथिल चढवलेले घ्या, पांढरे दिसतात ते. उघड्या तांब्यापेक्षा ते कितीतरी जास्त टिकतात.

पोल्ट्रीलाही हेच लागू आहे, वर पिसांची आणि खाद्याची धूळ वेगळी. ती धूळ पेटते. तिथं पहिला आकडा ६ पेक्षा खाली नको.

पुणे जिल्हा म्हणायला एकच

ताम्हिणीकडून निघालात आणि इंदापूरला पोचलात तर वाटेत पाच-सहा हवामानं लागतात. मुळशी, मावळ, वेल्हे, भोरच्या घाटमाथ्याला हजारो मिलिमीटर पाऊस, तोही वाऱ्याने आडवा. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या पूर्वेला दौंड, बारामती, इंदापूर म्हटलं की ऊन, फुफाटा आणि ऊस. एकच पेटी सगळीकडे चालेल असं सांगणारा दुकानदार या रस्त्याने कधी गेलेला नसतो.

मावळ-मुळशीकडे लोखंडी पेटी घेणार असाल तर पत्र्याची जाडी विचारा. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६. उघड्यावर १६ च घ्या. पावडर कोटिंगच्या आधी पत्रा धुऊन, तेल काढून, फॉस्फेट चढवून घेतलाय का हे विचारा. आमच्या भाषेत ‘सेव्हन टँक केलाय का?’ हे केलेलं नसेल तर रंगाखालून गंज सरपटत जातो आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे निघतात. स्टेनलेस स्टीलची पेटी खूप टिकते, पण तीही एका गोष्टीला भिते, क्लोराइडला. पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ड्रिपच्या खताच्या टाकीशेजारी ३०४ ग्रेडच्या पेटीला मी सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेले पाहिले आहेत. खत ओढून घेणाऱ्या व्हेंचुरीची नळी सुटली की खताचं पाणी पहिलं पेटीवरच उडतं. फिल्टरच्या खोलीत पेटी आणि टाकी समोरासमोरच्या भिंतींना ठेवा, एका भिंतीला नको.

तळेगावच्या बाजूच्या गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये निराळंच काही असतं. धुक्यासारखे तुषार उडवणाऱ्या फॉगरमुळे हवा सतत ओली. भुरीसाठी रात्री गंधक तापवून त्याची वाफ सोडतात. कॉन्टॅक्टरच्या टोकांवर चांदी असते, आणि गंधकाने चांदी काळी पडते हे घरातली ताटली-वाटी घासणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पॉलिहाउसची पेटी पॉलिहाउसच्या बाहेर हवी. दुसरा उपाय मला माहीत नाही.

पूर्वेकडे, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पाणी हटेल तशी मोटर पुढे सरकते. पाइप वाढतात, केबल वाढते, आणि पेटी एखाद्या बाभळीला किंवा रोवलेल्या लाकडाला तारेने बांधलेली असते. तिथं भिंतीवर बसवायची जड पेटी कोणी नेणार नाही, आणि तशी न्यावी असं मी म्हणणारही नाही. पण लोखंडी कोनाचा तिकाटणा करून त्याला छोटी एसएमसी पेटी कायमची बोल्ट करून टाकली, तर दोन माणसं ती उचलून पुढे नेतात आणि पेटी नेहमी उभीच राहते. बांधलेली पेटी कलते, आणि कललेल्या पेटीत पाणी अशा बाजूने शिरतं जिकडून ते येईल असा विचार पेटी बनवणाऱ्याने केलेला नसतो. आणि भीमा-नीरेच्या काठी पेटी लावायची तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पुराची खूण बघा, तिच्या वर लावा. ६७ च्या भरवशावर खाली नको.

उसाच्या रानात आणखी एक. पाचट पेटवायची वेळ आली की बांधावरची प्लॅस्टिक पेटी आणि खालची केबल दोन्ही भाजून निघतात. पेटीभोवती दोन मीटर रान स्वच्छ ठेवा. पाचट न जाळता कुजवलं तर उत्तमच, पण शेजारचा जाळतो.

उन्हाचं गणित

लोक पाण्याला घाबरून सगळ्यात घट्ट पेटी घेतात आणि उन्हाला विसरतात. घट्ट पेटीला हवा लागत नाही. आतली उष्णता फक्त पत्र्यातून बाहेर जाऊ शकते.

हा हिशेब एकदा करून बघा, सोपा आहे. ५०० मिलिमीटर उंच, ४०० रुंद, २०० खोल अशी लोखंडी पेटी भिंतीवर लावली तर हवेला लागणारा पत्रा साधारण अर्धा चौरस मीटर भरतो. रंगवलेला लोखंडी पत्रा दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला, ढोबळ मानाने साडेपाच वॅट उष्णता सोडतो. म्हणजे आपली पेटी एका अंशाला पावणेतीन वॅट. आत ५ एचपीचा साधा स्टार्टर आणि एमसीबी असेल तर उष्णता निघते वीसेक वॅट. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंश जास्त. काही बिघडत नाही.

आता त्याच पेटीत ५ एचपीचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवा, जो हल्ली बरेच जण बसवतात. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, त्यातले तीन टक्के जरी उष्णतेत गेले तरी ११० वॅट. भागाकार केला की येतात ४० अंश. एप्रिलमध्ये बाहेर ४० असेल तर आत ८०. प्लॅस्टिकची पेटी असेल तर ती अंशाला पावणेदोन वॅटच सोडते, म्हणजे हा फरक साठच्या वर जातो. व्हीएफडी ४० ते ५० अंशांपर्यंत नीट चालावा असा बनवलेला असतो. त्याआधीच तो स्वतःला बंद करेल, नाहीतर त्यातले कॅपॅसिटर दोन उन्हाळ्यांत फुगतील. आणि या हिशेबात मी थेट ऊन धरलेलंच नाही.

एमसीबीचंही तेच. घरगुती पद्धतीची एमसीबी ३० अंशांवर मोजून बनवलेली असते. ६० अंशांत ३२ अँपियरची एमसीबी २६-२७ अँपियरची असल्यासारखी वागते. “मोटर सकाळी चालते, दुपारी ट्रिप होते” अशी तक्रार आली की मी मोटरकडे जायच्या आधी पेटीवर हात ठेवतो. हात टिकला नाही तर उत्तर मिळालं.

यावर उपाय साधे आहेत. पेटीला उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू द्या, पश्चिमेची नको. वर पत्र्याचं छोटं छप्पर, पेटीपासून चार बोटं अंतर सोडून, म्हणजे मधून वारा जाईल. रंग फिका करडा किंवा पांढरा. व्हीएफडी असेल तर पेटी गरजेपेक्षा मोठी घ्या, किंवा त्याचा गार करायचा पंखा-पट्ट्यांचा भाग पेटीच्या पाठीमागे बाहेर काढून बसवता येतो तसा बसवून घ्या. जाळीचा पंखा लावला तर लक्षात ठेवा, ६५ ची पेटी त्याच क्षणी ५४ किंवा त्याहून खालची झाली, आणि फिल्टर धुवायचं काम तुमच्या मागे लागलं.

स्वस्तातलं एबीएस प्लॅस्टिक उन्हात दोन-तीन वर्षांत पिवळं आणि कडकडीत होतं. उघड्यावर ते घेऊ नका.

पेटी भोकांनी मरते

पेटी कितीही भारी असो, तिचा आयपी शेवटच्या भोकाइतकाच. माझ्या आजवरच्या कामात पाणी शिरलेल्या पेट्या जितक्या उघडल्या, त्यातल्या बहुतेकांत पाणी पेटीच्या दोषाने आलेलं नव्हतं. खांबावरून सर्व्हिस वायर वरून येते म्हणून वायरमन वरच्याच बाजूला भोक पाडतो. त्याला ते जवळ पडतं. पाऊस वायरवरून ओघळत येतो आणि सरळ मेन स्विचवर टपकतो.

केबल खालूनच आली पाहिजे. वरून येणारी वायर पेटीच्या खालपर्यंत नेऊन, वळवून, मग वर आत घ्यायची. विहिरीवरच्या पोहऱ्याच्या दोराला असतो तसा झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. प्रत्येक केबलला तिचा स्वतःचा ग्लँड, म्हणजे भोकात केबल घट्ट धरणारं रबर-नटाचं बूच, केबलच्या बाहेरच्या जाडीला बरोबर बसणारा. एका ग्लँडमध्ये दोन केबली कोंबल्या की मधे त्रिकोणी फट उरते. लोखंडी पेटीला भोक पाडलं की कापलेल्या कडेला लगेच झिंक प्रायमरचा हात द्या आणि लोखंडाचा कीस झटकून काढा. तो आत राहिला तर गंजतो, आणि कुठल्या टर्मिनलवर पडेल सांगता येत नाही. न वापरलेल्या भोकाला बूच.

सबमर्सिबल पंपाची केबल चपटी असते आणि ग्लँड गोल. चपटी केबल गोल रबरात कितीही आवळा, दोन्ही बाजूंनी फटी राहतात, आणि त्यातून पाण्याआधी मुंग्या येतात. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या चिरडून थर बसतो आणि मग तो ओढ घेत नाही, नुसता गुरगुरतो. चपट्या केबलचा ग्लँड वेगळा मिळतो, तो मागा. नाही मिळाला तर विहिरीच्या काठाशी छोट्या जंक्शन बॉक्समध्ये चपटी केबल संपवा आणि तिथून पेटीपर्यंत गोल केबल आणा. एम-सील लिंपून काम भागवू नका, उन्हात ते सुटतं.

आणि घट्ट पेटीच्या तळाला एक छोटी गोष्ट हवीच, पाणी सोडणारा पण कीटक न सोडणारा ब्रीदर. मघाशी श्वासाचं सांगितलं. पहाटे पत्रा गार झाला की ओढून घेतलेल्या हवेतलं बाष्प आतून दव होऊन पडतं. पेटी घट्ट असल्यामुळे ते बाहेर जात नाही, महिन्याभरात तळाशी वाटीभर पाणी. मालक म्हणतो गळकी पेटी दिली, आणि पेटी तर गळत नाही म्हणूनच पाणी साचलेलं असतं. कारखान्यात यासाठी आत हीटर लावतात. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे नेमक्या गार पहाटे हीटर बंद असण्याचीच शक्यता जास्त. ब्रीदरला वीज लागत नाही.

लोखंडी पेटीला अर्थिंग करा, आणि दाराला वेगळी लवचीक तार लावून पेटीला जोडा. बिजागरीवर रंग असतो, तिच्यावर विसंबू नका. रात्रीच्या पाळीची वीज, ओला बांध, अनवाणी पाय आणि जुन्नरकडे तर बिबट्याच्या भीतीने एका हातात बॅटरी, अशा अवस्थेत माणूस त्या दाराला हात लावतो. प्लॅस्टिकच्या पेटीला अंगात करंट उतरायची भीती नाही, पण म्हणून मोटरची अर्थिंग सोडून चालत नाही. आत आरसीसीबी हवी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. सॉकेटच्या सर्किटला ३० मिलिअँपियरची, बाकी सगळ्याला जास्तीत जास्त ३०० ची. गोठ्यात तर याच्याशिवाय लाइट लावू नका. जनावराचे पुढचे नि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, अंग ओलं असतं, आणि आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या व्होल्टेजने गाय पाणी प्यायला घाबरते.

पेटी घेताना दुकानात झाकण उघडून रबर बघा. कोपऱ्याला कापून जोडलेली स्पंजची पट्टी असेल तर पाणी त्या कोपऱ्यातूनच येणार. सलग ओतलेलं पीयूचं रबर बरं. नखाने दाबा, लगेच वर आलं पाहिजे. आयपीचा आकडा लिहिलाय, तर चाचणीचं प्रमाणपत्र मागा, नि त्यावर याच मापाची आणि याच मॉडेलची पेटी आहे का बघा. जनावरं, ट्रॅक्टर, फावडी यांचा धक्का लागणारी जागा असेल तर आयके हा दुसरा आकडा विचारा. आयके १० म्हणजे ५ किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडल्याइतका दणका सोसणारी.

रोहिणी निघाल्या की, मृगाच्या आधी, एक दिवस काढा. सप्लाय मेनपासून बंद करा आणि तो खरंच बंद आहे हे टेस्टरने बघा. दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर दबून निकामी झालंय. चारी बाजूंना, कुलपाजवळ आणि बिजागरीजवळ करून बघा. मग आत वर्तमानपत्र पसरा, दार लावा, आणि बागेच्या पाइपने तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी मारा. उघडलं की कागद सांगतो कुठला कोपरा ओला आहे. सगळं कोरडं होईपर्यंत सप्लाय चालू करू नका.

तात्यांची पेटी आता गोठ्याबाहेर उत्तरेच्या भिंतीला आहे, वळचणीखाली. एसएमसीची, कथिल चढवलेले थिंबल, खालून चार ग्लँड, एक ब्रीदर. मेमध्ये गेलो होतो तेव्हा त्यांनी स्वतःच सप्लाय बंद करून दार उघडलं आणि मला बाजूला उभं केलं. थिंबल अजून पांढरे होते. दुसऱ्या ग्लँडचं नट थोडं सैल वाटलं म्हणून त्यांनी खिशातून पाना काढला आणि पाव फेरा आवळलं.